विश्लेषण : लाडकी इलेक्ट्रिक गिटार आतून ‘पोकळ’ हवी? आधी आवाजाचा हा हिशोब समजून घ्या

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या अनेकांच्या मनात कधी ना कधी एक इच्छा डोके वर काढते. हातातली गिटार आवडती असते. तिची नेक हाताला बसलेली असते, पिकअपचा आवाज ओळखीचा झालेला असतो. फक्त ती आतून पोकळ असती तर? खांद्यावरचे ओझे कमी झाले असते, अ‍ॅम्प न लावता घरात वाजवता आली असती आणि जुन्या जॅझ-ब्लूजच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तसा मोकळा, घुमणारा आवाज मिळाला असता.

इच्छा साधी वाटते, पण ती पुरी करायला निघालेल्याचे बरेच पैसे पणाला लागतात. कोणी परदेशी ब्रँडची महागडी सेमी-हॉलो मागवतो, कोणी कारागिराकडे खास ऑर्डर देतो, तर कोणी आपल्याच गिटारच्या बॉडीला राऊटर लावायला निघतो. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. त्यामुळे पोकळी नेमके काय देते आणि त्या बदल्यात काय घेते, हे आधी कळलेले बरे. या प्रश्नाचे अर्धे उत्तर अमेरिकेतल्या गिटार कारखान्यांत सापडते आणि उरलेले अर्धे आपल्याच मिरजेत.

पोकळ, अर्ध-पोकळ आणि भरीव म्हणजे काय?

भरीव म्हणजे सॉलिड बॉडी. लाकडाची एक किंवा जोडलेली दोन-तीन फळकुटे, त्यात फक्त पिकअप आणि वायरिंगपुरते खाचे. फेंडरची टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर, गिब्सनची लेस पॉल या गिटार याच घरातल्या.

पोकळ म्हणजे हॉलो बॉडी. पातळ वरची फळी, पातळ पाठ आणि भोवती कडा. आत फक्त हवा. वरच्या फळीवर व्हायोलिनसारखी इंग्रजी ‘एफ’ आकाराची दोन छिद्रे असतात.

अर्ध-पोकळ म्हणजे सेमी-हॉलो. बाजू पोकळ, पण मधोमध नेकपासून खालच्या टोकापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा. त्याला सेंटर ब्लॉक म्हणतात. याशिवाय ‘चेंबर्ड’ नावाचा चौथा प्रकार आहे. बाहेरून भरीवच दिसते, पण आतले लाकूड जागोजागी कोरून काढलेले असते. दुकानात हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यामुळे ‘हॉलो आहे’ एवढ्यावर न थांबता आत ठोकळा आहे का, हे विचारायलाच हवे.

पोकळी नेमके काय काम करते?

सुईने वारा घातला तर वारा येत नाही, सुपाने घातला तर येतो. गिटारची तार म्हणजे सुई. ती कितीही जोरात हलली तरी बारीक असल्यामुळे फारशी हवा ढकलू शकत नाही. म्हणून ती आपली थरथर ब्रिजमार्फत वरच्या रुंद फळीला देते. फळी सुपाचे काम करते आणि आवाज खोलीभर पोहोचतो.

आतल्या हवेचेही एक काम असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर येतो. छिद्र असलेल्या प्रत्येक पोकळीला असा स्वतःचा सूर असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याच्या नावाने तो ओळखला जातो. पोकळी मोठी असेल तर सूर खाली जातो, छिद्र मोठे केले तर वर जातो. साध्या अकूस्टिक गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या जवळ वाजते. म्हणजे खालच्या सुरांना ही हवा बळ देते. पातळ सेमी-हॉलोत आत हवाच कमी असते, म्हणून तेवढा भरदार खर्ज तिच्यात येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पोकळी आवाजाची ऊर्जा निर्माण करत नाही. बोटाने तार छेडली की तिच्यात जेवढी ऊर्जा भरली जाते, तेवढीच भांडवल. पोकळ बॉडी ती पटकन हवेला देऊन टाकते, भरीव बॉडी ती तारेतच धरून ठेवते. माठ तोच, फक्त तोटी मोठी केली. धार जोरात येते आणि माठ लवकर रिकामा होतो. म्हणूनच सर्वसाधारणपणे पोकळ गिटार मोठ्याने वाजते, पण सूर लवकर विरतो. भरीव गिटार अ‍ॅम्पशिवाय जेमतेम ऐकू येते, पण तिचा सूर बराच वेळ रेंगाळतो. लाडक्या गिटारची पोकळ आवृत्ती मागताना आपण खरे तर ही तोटी मोठी करून मागत असतो.

यात मिरज कुठे येते?

आवाजासाठी पोकळी घडवण्याचे काम महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या कलेची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार भावांनी केल्याचे सांगितले जाते. शस्त्रांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले आणि पुढे सतारमेकर हेच घराण्याचे नाव झाले.

मिरजेच्या वाद्याची पोकळी शेतात पिकते. पंढरपूर परिसरात खास मोठ्या, जाड सालीच्या कडू भोपळ्यांचे पीक घेतले जाते. भोपळा वाळवून, कापून, आतला गर आणि बिया काढून त्यावर लाकडी तबली बसते. वरची दांडीही आतून पोकळच असते. लाकूड बहुधा तूण. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तूण, महोगनी आणि आपला कडुनिंब एकाच कुळातले. लेस पॉलसारख्या गिटारसाठी वापरली जाणारी महोगनी आणि मिरजेची सतार ही अशी दूरची भावंडे निघतात.

तंबोरा पोकळ असूनही त्याचा सूर लवकर विझल्यासारखा वाटत नाही, हे कसे? त्याचे श्रेय एकट्या भोपळ्याचे नाही. चार तारा एकामागून एक अखंड छेडल्या जातात, त्यामुळे माठात सतत पाणी भरत राहते. शिवाय घोडीचा माथा किंचित गोलसर असतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो. तार त्या माथ्याला निसटता स्पर्श करत राहते आणि वरचे स्वरांश पुन्हा पुन्हा उमटतात. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. म्हणजे आपल्या कारागिरांनी पोकळीचा तोटा घोडीने भरून काढला.

गिटारवर राग वाजवणाऱ्यांनीही पोकळ बॉडीच पसंत केली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या गाजलेल्या रेकॉर्डवर पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत पं. ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. काबरा गिब्सनची ‘सुपर ४००’ ही मोठी पोकळ गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवत. पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हेही पोकळ गिटारचेच बदललेले रूप. त्यात तरफेच्या तारा आहेत. मुख्य तारेची थरथर ब्रिज आणि वरच्या फळीतून तरफेपर्यंत पोहोचली तरच त्या झंकारतात. जड, भरीव ठोकळ्यात ही देवाणघेवाण फारच क्षीण होते.

पोकळी इतकी गुणाची, तर भरीव गिटार जन्मालाच का आली?

उत्तर एका शब्दात : फीडबॅक. गणेशोत्सवात माईक स्पीकरच्या समोर गेला की जी ‘कूंऽऽ’ अशी कर्कश शिट्टी वाजते, तीच ही गोष्ट. पोकळ गिटारला पिकअप लावला की स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारच्या पातळ फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, पिकअप ते पकडतो, अ‍ॅम्प ते आणखी मोठे करतो. चक्र सुरू झाले की आवाज हाताबाहेर जातो.

१९३० च्या दशकात बिग बँडच्या गोंगाटात गिटार ऐकू जावी म्हणून तिला वीज जोडली गेली. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांची ‘फ्राइंग पॅन’ १९३२ मध्ये बाजारात आली. ती हवाईयन पद्धतीने मांडीवर वाजवण्याची, अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतलेली होती. १९३६ मध्ये गिब्सनची ‘ईएस-१५०’ आली. ती पूर्ण पोकळ होती आणि चार्ली ख्रिश्चनने तिच्यावर जॅझ गिटारचा चेहरामोहरा बदलला. पण आवाज वाढवला की शिट्टी ठरलेली.

१९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या सरळ ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवले. शिट्टी गेली, सूर रेंगाळू लागला. पण हातातला ओंडका पाहून तो लोकांना गिटार वाटेना. मग त्याने एपिफोनच्या पोकळ गिटारचे दोन भाग कापून त्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. आवाज ठोकळ्याचा, दिसायला पोकळ! त्यानंतर १९५० मध्ये लिओ फेंडरची ब्रॉडकास्टर आली. पुढच्या वर्षी तिचेच नाव टेलिकास्टर झाले. १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल आणि १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. रॉकचा मोठा आवाज यांच्या जोरावर उभा राहिला.

मग मधला मार्ग कोणी काढला?

भरीव गिटार आल्यावर काही वर्षांतच पोकळीची आठवण सुरू झाली. १९५८ मध्ये गिब्सनने ‘ईएस-३३५’ काढली. बाजू पोकळ, मध्ये मेपलचा ठोकळा. ठोकळा वरच्या फळीला बेफाम थरथरू देत नाही, त्यामुळे फीडबॅक आटोक्यात राहतो. बाजूच्या पोकळ्या थोडा मोकळेपणा आणतात. आज सेमी-हॉलो म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे याच आराखड्याची लेकरे आहेत.

फेंडरची टेलिकास्टर थिनलाइन १९६८ मध्ये आली. तिच्या जन्मामागे वजनाचे कारण होते. त्या काळात मिळणारे अ‍ॅश लाकूड जड येऊ लागले होते, म्हणून रॉजर रॉसमाइसल यांनी बॉडी आतून कोरून हलकी केली आणि एका बाजूला ‘एफ’ छिद्र ठेवले. गिब्सननेही १९८० च्या दशकापासून लेस पॉलच्या बॉडीत वजन घटवण्यासाठी छिद्रे पाडायला सुरुवात केली. ती बाहेरून दिसतही नाहीत.

उलट्या दिशेचा प्रवासही घडला. बी. बी. किंग सेमी-हॉलो वाजवत आणि फीडबॅक रोखण्यासाठी छिद्रांत कापड कोंबत. १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्यासाठी ‘ल्यूसिल’ हे मॉडेल काढले, त्यात ‘एफ’ छिद्रे ठेवलीच नाहीत. पोकळी हवी, पण तिची खिडकी बंद, असा त्यांचा तोडगा होता.

पिकअपला लाकूड ‘ऐकू’ येते का?

गिटारवाल्यांचे हे सर्वांत जुने भांडण. तांत्रिक बाजू अशी : पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे काही हजार वेढे. स्टीलची तार त्यावर हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते. नायलॉनची तार लावली तर पिकअप जवळपास मुका राहतो. म्हणजे पिकअप माईकसारखा हवेतला आवाज पकडत नाही, तारेची हालचाल पकडतो. पोकळीत घुमलेली हवा थेट केबलमधून जात नाही.

मग पोकळ बॉडीचा फरक पडतो कुठे? तारेच्या वागण्यात. फळी लवचीक असेल तर ती तारेकडून काही सुरांची ऊर्जा जास्त वेगाने ओढून घेते. त्यामुळे सुराची सुरुवात उसळून येते आणि शेवट लवकर होतो. काही सूर फुलतात, तर काही विचित्रपणे लवकर मरतात. असे ‘मेलेले’ सूर भरीव गिटारवरही सापडतात, तिथे दोषी बहुतेकदा नेक असते. पिकअप पातळ फळीवर बसवलेला असेल तर तो स्वतःही थोडा हलतो. फरक खरा आहे, पण केबलच्या दुसऱ्या टोकाला तो आपल्या कल्पनेपेक्षा कमी असू शकतो. पिकअप बदलला, त्याची उंची दोन मिलिमीटरने खालीवर केली किंवा तारा जाड लावल्या तरी आवाजात स्पष्ट फरक पडतो. अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन जितके जास्त, तितका पोकळ आणि भरीव यांतला भेद पुसट होत जातो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो वाजवणाऱ्याला. पोकळ बॉडी पोटाला, हाताच्या कोपराला थरथरताना जाणवते. कानाशी तिचा स्वतःचा आवाज येतो. त्याने बोटांचा जोर बदलतो, वाजवण्याची ढब बदलते. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये तंबोरा उपलब्ध असूनही ख्याल गायकाच्या मागे तंबोरे घेऊन शिष्य बसतात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला स्पीकर आहेच. गायकाच्या कानामागे, अगदी जवळ भरून राहणारा तो नाद मात्र भोपळ्यातूनच येतो.

स्ट्रॅटोकास्टरची पोकळ आवृत्ती सहज का दिसत नाही?

टेलिकास्टरला थिनलाइन मिळाली, तशी ओळख स्ट्रॅटोकास्टरच्या कोणत्याही पोकळ रूपाला मिळाली नाही. मर्यादित प्रयोग झाले. २०२० मध्ये फेंडरने ‘अकूस्टासॉनिक’ मालिकेत पोकळ बॉडीची स्ट्रॅटोकास्टर आणली, पण तिचा आवाज आणि हेतू अकूस्टिककडे झुकलेला आहे.

अडचण आराखड्यात आहे. टेलिकास्टरची बॉडी सपाट पाटासारखी असते, त्यामुळे आतून कोरून वर सपाट फळी चिकटवता येते. स्ट्रॅटोकास्टरला पोटाकडे आणि हाताखाली उतार दिलेले असतात. तिथे लाकूड आधीच पातळ आहे. पाठीमागे ट्रेमोलोच्या स्प्रिंगांसाठी मोठा खड्डा, पुढून तीन पिकअपचे खाचे. मध्ये भरीव ठोकळा ठेवावा तर तिथेच खड्डे, आणि बाजू कोराव्यात तर तिथे उतार. शिवाय ट्रेमोलो ब्रिजवर तारांचा ताण येतो, त्याचे खिळे घट्ट लाकडातच बसायला हवेत. म्हणून पोकळ स्ट्रॅट बनवणारे कारागीर बहुधा उतार कमी करतात किंवा ट्रेमोलोऐवजी स्थिर ब्रिज लावतात. हाती येणारी गिटार तीच राहत नाही, तिची चुलत बहीण होते.

घरी किंवा वर्कशॉपमध्ये बनवता येईल का?

बनवता येते, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे. त्याने १९६३-६४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार असलेल्या वडिलांच्या मदतीने ‘रेड स्पेशल’ घरीच घडवली. नेकसाठी जुन्या फायरप्लेसचे लाकूड, ट्रेमोलोसाठी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि बॉडीत मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या. सगळे ज्या फीडबॅकला टाळायला बघत होते, तो त्याला ताब्यात ठेवून वापरायचा होता. ‘एफ’ छिद्र पाडण्याचा बेत होता, ते राहूनच गेले. याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे अनेकांना ठाऊक असेलच.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात सीएनसी मशीनची वानवा नाही. लाकडी बॉडीत पोकळ्या कोरणे हे अशा राऊटरसाठी अवघड काम नव्हे. अवघड आहे ते पुढचे : नेकचा खाचा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत अचूक असणे, वरची फळी न वाकता चिकटणे आणि ब्रिज नेकच्या रेषेत येणे. पहिला प्रयोग लाडक्या गिटारवर न करता वेगळ्या लाकडावर करावा. बोल्टने जोडलेली नेक असेल तर ती सोडवून नव्या पोकळ बॉडीवर बसवता येते आणि जुनी बॉडी जशीच्या तशी राहते. प्रयोग फसला तर चार स्क्रू सोडून मागे येता येते.

फक्त वजन कमी करायचे असेल तर आधी हा ढोबळ हिशोब बघा. साधारण साडेचार सेंटिमीटर जाडीच्या बॉडीत सुमारे ४,००० घन सेंटिमीटर लाकूड धरले, तर घन सेंटिमीटरला ०.४५ ग्रॅम भरणाऱ्या आल्डरचे वजन १.८ किलो होते. त्यातले पाव लाकूड कोरून काढले तर ४५० ग्रॅम वाचतात. तीच बॉडी ०.६५ घनतेच्या सागवानात केली तर २.६ किलो भरते. म्हणजे पोकळी कोरून जेवढे वाचते, त्याहून जास्त वजन नुसत्या लाकडाच्या निवडीने वाढते किंवा घटते. बॉडी अतिच हलकी केली तर नेक जड होऊन पट्ट्यावर गिटार खाली झुकू लागते, तो त्रास वेगळाच.

नाशिकच्या हवेत पोकळ गिटार टिकेल का?

टिकेल, पण लक्ष द्यावे लागेल. लाकूड पावसाळ्यात ओल शोषून फुगते आणि मार्च ते मे मध्ये कोरडे पडून आकसते. भरीव, जाड थराच्या पॉलिशखाली असलेल्या ठोकळ्यात हा बदल संथ होतो. काही मिलिमीटर जाडीच्या फळीत तो लवकर होतो, त्यातही आतली बाजू बहुधा पॉलिश न केलेली असते. तारांची उंची बदलते, सूर उतरतो, क्वचित जोड सुटतो किंवा फळीला चीर जाते. गिटार निर्माते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सुचवतात. नाशिकचा उन्हाळा त्याच्या बराच खाली आणि पावसाळा बराच वर जातो. कडक केस, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, उन्हाळ्यात केसमध्ये ओलावा देणारे छोटे साधन आणि स्वस्तातला आर्द्रतामापक, एवढी तयारी पुरते. बंद गाडीत दुपारभर ठेवणे मात्र कोणत्याच गिटारला मानवत नाही.

पैसे देण्याआधी काय तपासावे?

कारण लिहून काढा. वजन, अ‍ॅम्पशिवायचा आवाज, वाजवताना जाणवणारी थरथर, रेकॉर्डिंगमधला सूर की नुसते देखणेपण? प्रत्येक कारणाचे उत्तर वेगळे आहे. वजनासाठी हलके लाकूड किंवा चेंबर्ड बॉडी पुरते. नुसत्या सुरासाठी आधी पिकअप आणि जाड तारा बदलून बघा. ते स्वस्त पडते.

फोनवर सूर मोजा. दुकानात बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तार सारख्या जोराने छेडा आणि फोनच्या रेकॉर्डरवर सूर किती सेकंद टिकतो ते पाहा. मग आपल्या गिटारवर तेच करा. कोणत्या सुरांना पोकळी गिळते, ते लगेच कळते.

अ‍ॅम्पसमोर उभे राहा. पुरेशा आवाजात, दीड मीटरवरून, तारांवरचा हात उचलून थांबा. शिट्टी कधी सुरू होते? तुम्ही बँडमध्ये वाजवत असाल तर हीच सर्वांत महत्त्वाची चाचणी. सुलाफेस्टसारख्या मोकळ्या मैदानावरच्या मोठ्या स्टेजवर, ड्रमच्या शेजारी, पूर्ण पोकळ गिटार सांभाळणे हे रोजचे काम होऊन बसते.

स्केल लेंग्थ विचारा. फेंडर घराण्यात तारेची वाजती लांबी साधारण ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन घराण्यात सुमारे ६२८. दोन सेंटिमीटरच्या या फरकाने तारांचा ताण बदलतो. आवडती गिटार स्ट्रॅट असेल आणि तुम्ही ३३५ च्या धर्तीची सेमी-हॉलो घेतलीत, तर हाताला ती परकी वाटण्यामागे पोकळीपेक्षा ही लांबी असू शकते.

कारागिराकडून लेखी घ्या. सेंटर ब्लॉक किती रुंद, वरची फळी किती जाड, कोणते लाकूड, अंदाजे वजन, कोणता ब्रिज आणि फळी सुटली तर दुरुस्ती कोणाकडे. तोंडी ‘हॉलो करून देतो’ हे पुरेसे नाही.

शेजाऱ्यांचाही विचार करा. फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता भरीव गिटार अ‍ॅम्पशिवाय वाजवली तर पलीकडच्या खोलीतही कळत नाही. पोकळ गिटारचे तसे नाही. आज ज्याला आपण तिचा गुण म्हणतो, त्यावरूनच उद्या घरात कुरबूर होऊ शकते.

मग घ्यावी की नाही?

घरी, छोट्या मैफलीत, कॅफेत, कमी आवाजात वाजवणाऱ्यांना पूर्ण पोकळ किंवा सेमी-हॉलो गिटार खरा आनंद देते, कारण तिथे वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत आणि अंगापर्यंत तिचा नाद पोहोचतो. बँडमध्ये मध्यम आवाजात वाजवणाऱ्यांसाठी सेंटर ब्लॉकची सेमी-हॉलो हा सुरक्षित मध्य आहे. मोठ्या आवाजात, भरपूर डिस्टॉर्शनने वाजवणाऱ्यांना पोकळीचा लाभ जेमतेम ऐकू येईल आणि फीडबॅकचा त्रास मात्र पुरेपूर होईल. त्यांनी तेच पैसे चांगल्या अ‍ॅम्पवर खर्च करावेत.

आणि शक्य असेल तर एकदा मिरजेला जाऊन या. सतारमेकरांच्या दुकानात नुकताच तारा चढवलेला तंबोरा मांडीवर घ्या, कान दांडीला लावा आणि एक तार हळूच छेडा. पोकळीसाठी किती पैसे मोजायचे, हे ठरवण्याआधी पोकळी काय देते ते अंगाला कळलेले असेल. त्यानंतर गिटारच्या दुकानात शिरलात, तर विक्रेत्याला विचारायचे प्रश्न आपोआप नेमके होतील.